वाचला असे समजण्यात यावे

पाथरवाडी नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा दर वेळी दोनदा भरायची. सरकारी सभा शुक्रवारी, नगरपंचायतीच्या सभागृहात. तिथं सतरा नगरसेवक, सतरा खुर्च्या आणि सतरा पाण्याच्या बाटल्या. खरी सभा त्याआधीच्या सोमवारी, केदारींच्या ओटीवर. तिला नगरसेविका एकच असायची, प्रतीक्षा, आणि तीही बहुतेक वेळ चहा करायला आत गेलेली असायची.

या सोमवारीही ती आतच होती. बाहेर तिचा नवरा गौरव विषयपत्रिका मोठ्यानं वाचत होता. प्रभाग नऊ महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा गौरवनं तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. चौथ्या दिवशी त्याला बायको असल्याचं आठवलं. निवडणुकीच्या फलकावर प्रतीक्षाचा फोटो होता आणि तिच्यामागे हात जोडलेला गौरव तिच्याहून वीतभर मोठा होता. गावात आजही 'नगरसेवक' म्हटलं की तोच मागे वळून बघायचा.

"विषय दोन, पोलीस चौकीला मनुष्यबळ. विषय तीन, सल्लागार समित्या. विषय चार," इथं गौरवचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा मऊ झाला, "गट नंबर एकशे बारा, शेती विभागातून रहिवास विभागात."

एकशे बारा म्हणजे ओढ्याकडची भातखाचरं. सातबाऱ्यावर नाव धोंडिबा केदारींचं, म्हणजे आबांचं. कसत मात्र होती त्यांची धाकटी बहीण चंपा. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, पदरी मूल नाही, म्हणून ती माहेरी परतली आणि ओढ्याकाठच्या दोन खोल्यांत राहिली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. सगळा गाव त्या जमिनीला 'आत्याची खाचरं' म्हणायचा. पण गाव काय म्हणतो याचा रकाना सातबाऱ्यावर नसतो. झोन बदलला की गौरव आणि त्याचा धाकटा भाऊ विक्की ती जमीन बंगल्यांची वसाहत बांधणाऱ्याला देणार होते, आणि आत्याचं या जगात जे काही होतं ते सगळं त्या जमिनीबरोबरच जाणार होतं.

"दादा, आधी चौकीचं बोल," विक्की म्हणाला. टेकडीच्या उतारावर त्याचे भाड्यानं द्यायचे चार बंगले होते. शनिवार-रविवार तिथून असा आवाज यायचा की ओढ्यापलीकडची गुरं उभी राहायची. "तुंगार्लीला दहा वाजले की साउंड बंद करायला लावतात. म्हणून पब्लिक आपल्याकडं येतं. इथं सहा पोलीस आणून बसवले तर मी काय बंगल्यात भजनं लावू?"

"अरे, पोलीस द्यायचा अधिकार आपल्याला आहे कुठं? आपण फक्त मागायचे."

"मग मागायचे तरी कशाला?"

"कारण समीक्षा ओव्हाळच्या गटाची चार मतं आहेत. तिला चौकीत माणसं पाहिजेत. आपण पोलिसांना हात वर केला तर ती झोनला आडवी येणार नाही."

"असं आहे का? मग विकताना वारस म्हणून माझी सही कुठं मिळते ते तू बघ."

लहानपणी एका सायकलवरून व्हायचं तेच आता मोठ्या प्रमाणावर चाललं होतं. शेवटी पोलीस मागायचे, पण मळवलीच्या फाट्यावर मागायचे, विक्कीच्या बंगल्यांकडे त्यांचं तोंडही होता कामा नये, असं ठरलं.

"आता राहिला समितीचा अहवाल," गौरव आबांकडे वळला. "नवीन मुख्याधिकारी मॅडम अडून बसल्यात. शेतीचा झोन बदलायचा तर शेती सल्लागार समितीचा अहवाल जोडा म्हणतात. तुम्ही अध्यक्ष आहात. इथं सही करा, बाकीचं मी बघतो."

आबा एके काळी पाथरवाडीचे सरपंच होते. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली तेव्हा ते बिनकामाचे झाले आणि घरात सगळ्यांना सल्ले देऊ लागले. म्हणून गौरवनं त्यांना सल्लागार समितीचं अध्यक्ष करून टाकलं. दोन वर्षं झाली, समितीची एकही बैठक झाली नव्हती. आबांनी मात्र स्वखर्चानं शिक्का करून घेतला होता.

"सही करतो की," आबा म्हणाले. "पर आदी बैठक व्हऊ दे. स्थळपाहनी करावी लागंल."

"आबा, जमीन तुमचीच आहे! तिची काय पाहणी?"

"मी पाहिलीय. समितीनं कुटं पाहिलीय?"

प्रतीक्षा चहा घेऊन बाहेर आली. "आत्यांना विचारलंय का कुणी?"

विक्कीनं मोबाइल काढला. गौरवनं कपात बघून सांगितलं, "आत्याला इथं मागची खोली देऊ. टाइल्स बसवून देऊ. काय वाईट आहे?"

मागच्या खोलीत सध्या निवडणुकीचे उरलेले झेंडे होते. प्रतीक्षा ट्रे घेऊन आत वळली. बोलायची सवय नव्हती आणि त्या सवयीचा तिला हल्ली रागही येत होता.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता समिती ओढ्यावर दाखल झाली. अध्यक्ष आबा, इस्त्रीची पांढरी विजार आणि खिशात शिक्का. सदस्य तिघे. जुने कोतवाल वही घेऊन आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले सखाहरी डोक्यावर छत्री धरून होते. आणि महिला प्रतिनिधी म्हणून कस्तुराबाई, जिनं तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती आणि जी अजून सगळ्या गावाशी शेंबडी पोरं असल्यासारखं बोलायची.

चंपा खाचरात होती. गुडघाभर चिखल, कमरेत वाकलेली, सोबत दोनच बाया. बाकीच्या मजूर बाया बंगल्यांवर कामाला गेल्या होत्या. चार खाचरांतलं एकच लावून झालं होतं. तिनं समितीकडे मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

"चंपे, समिती आलीया," आबांनी हाक दिली.

"दिसतंय मला. पाहनी करायची तर करा. पर बांदावर येका जागी हुबं राहू नगा, बांद खचतोय."

समिती बांधावर पुढं-मागं चालू लागली. कोतवालांनी वही उघडली. पाहणी म्हणजे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर सगळ्या पाहण्या चहाच्या टपरीवर पार पडल्या होत्या. बांधाच्या कडेला उपटलेल्या रोपांच्या जुड्या पडल्या होत्या. कस्तुराबाईनं एक जुडी उचलून मुळं चाचपली.

"काल उपटल्यात न्हवं ही? आज न्हाई लावली तर गेली. इंद्रायनी हाय, लय नाजूक."

"दोन बायांत कितीक लावू?" चंपा वाकूनच म्हणाली.

ज्यानं जन्मभर भात केलं त्याला समोर सुकत चाललेलं रोप बघत बांधावर उभं राहता येत नाही. शासनानं समितीचे नियम करताना हे लक्षात घेतलं नव्हतं. पहिल्यांदा कस्तुराबाईनं काष्टा घातला. सखाहरींनी छत्री मिटून बाभळीला अडकवली. कोतवाल म्हणाले, "पाहनीच करायची तर खोल व्हऊ दे," आणि वही चंपाच्या डब्याशेजारी ठेवून उतरले. अध्यक्ष एकटे वर राहिले. मग त्यांनी शिक्का रुमालात गुंडाळला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय खाली सोडला.

बहिणीनं माहेरी येऊन खाचरं धरल्यापासून आबा या चिखलात उतरले नव्हते. सरपंच झाले, मुलं मोठी झाली, बांधावरून हाक मारून काम भागत गेलं. आता त्यांच्या उजव्या हाताला चंपा होती. तिचा हात चालायचा, त्यांचा अडखळायचा. तिनं न बोलता आपली ओळ थोडी रुंद केली आणि त्यांची वाटणी कमी केली. आबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुपारी तीनला चारही खाचरं लावून झाली. कोतवाल चिखलाच्या हातानं वही भरू लागले. "पीक, इंद्रायनी. पानी, ओढ्याचं. कसनार, चंपा. मालकाशी नातं काय ल्हिवू?"

आबा ओढ्यात पाय धूत होते. ते धुतलेलेच पाय पुन्हा धुऊ लागले, कोतवालांना पुन्हा विचारावं लागलं.

"वही दे मला," आबा म्हणाले. "अहवाल मी घरी सांगतो. सूनबाई टाइप करंल."

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितला आणि प्रतीक्षानं टाइप केला. दोन पानं झाली. दुसऱ्या पानावर ती थांबली आणि तिनं विचारलं, "आबा, असंच लिहू?" आबांनी शिक्क्यावर फुंकर मारली. "अस्संच ल्ही."

गौरवनं रात्री जेवताना विचारलं, "आबांची सही झाली?"

"झाली."

"शिक्का?"

"तोही झाला. तुम्ही वाचणार का?"

"मी कशाला वाचू?" गौरव म्हणाला. "आणि तूही सभेत वाचत बसू नको. उभी राहा, 'अहवाल वाचला असे समजण्यात यावे' म्हण, आणि खाली बस."

*

शुक्रवारी सभागृहात नातेवाइकांना बंदी होती. मुख्याधिकारी मॅडमनी तसा फलकच लावला होता. त्यामुळे नगरसेविकांचे आठ नवरे बाहेरच्या खिडकीशी ओळीनं उभे होते. खिडकीला गज होते. कोण आत आणि कोण बाहेर, हे त्या गजांवरून नीट कळत नव्हतं.

नगराध्यक्ष कैलासरावांनी विषय दोन पुकारला. सध्या चौकीत एकच हवालदार आहे, आणखी सहा मागावेत असा प्रस्ताव होता.

"सहाच का?" प्रभाग तीनचे सदस्य उठले. "मागायचेच तर आठ मागा. आपण गरिबासारखं का मागायचं?"

"त्यातला एक घोड्यावरचा असावा," प्रभाग अकरा म्हणाले. "पर्यटकांना आवडेल."

"पोलिसांची संख्या ठरवणं हा आपला अधिकार नाही," मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या. "आपण फक्त विनंती करू शकतो."

"मग घोड्याची विनंती करा की!"

समीक्षा ओव्हाळ उभी राहिली. तिचे आजोबा भिमाजी गावकीच्या बैठकीत बाहेर उभे राहायचे. नात सभागृहात बसायची ती प्रत्येक कागद खालपासून वरपर्यंत वाचूनच. "आमच्या वस्तीतल्या बाया बंगल्यांवरची कामं उरकून संध्याकाळी चालत येतात. गाड्यांतले लोक काच खाली करून काय काय बोलतात, ते मी इथं सांगणार नाही. मी आज सकाळपासून चौकीला चार फोन केले. कुणी उचलला नाही. असं का?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात हवालदार सीताराम ताठ उभा होता.

"मॅडम, मी हितं हाय," तो ओशाळून म्हणाला. "सभेच्या बंदोबस्ताला. चौकीला कुलूप लावून आलोय."

सभागृह क्षणभर गंभीर झालं. मग अशा प्रसंगी पाथरवाडीला जे सुचतं तेच सुचलं. पोलीस मनुष्यबळाचा सखोल अभ्यास करण्यासाठी एक सल्लागार समिती नेमण्याचा ठराव झाला. पर्यटनाचा अनुभव असलेला अध्यक्ष हवा, म्हणून विक्की केदारीचं नाव आलं आणि टाळ्यांत मंजूर झालं. खिडकीबाहेर विक्कीनं हात जोडले. समीक्षा खाली बसली आणि तिनं पेनाचं टोपण इतक्या जोरात लावलं की ते तुटलं.

विषय तीनमध्ये सगळ्या जुन्या समित्यांना मुदतवाढ मिळाली. ज्यांची बैठक एकदाही झाली नव्हती त्यांचं काम समाधानकारक असल्याचं नोंदवलं गेलं.

"विषय चार," कैलासराव म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं. मागच्या खोलीतून मटणाचा वास यायला लागला होता. "सूचक, प्रतीक्षा केदारी."

प्रतीक्षा उठली. खिडकीत गौरव होता. त्यानं मान हलवली, लवकर. तिच्या मनात दोन दिवस एकच गोष्ट घोळत होती. न वाचता पुढं सरकवलं तर ती फसवणूक होईल का? मग तिनं ठरवलं होतं की आपल्याकडून विचारायचं. बाकी ज्याचं त्यानं बघावं.

"सल्लागार समितीचा गट नंबर एकशे बाराचा अहवाल माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "दोनच पानं आहेत. मी वाचून दाखवते."

सभागृहात असा गलका उठला जणू तिनं रक्तदान मागितलं होतं.

"नको, नको!"

"वाचला असे समजा!"

"वहिनी, जेवण गार होतंय."

"खरंच वाचू नको?" तिनं पुन्हा विचारलं आणि यावेळी थेट खिडकीकडे पाहिलं. गौरवनं गजांतून दोन्ही हात बाहेरून आत घालून हलवले. नको, नको.

"मग मी सूचना मांडते, की समितीचा अहवाल जसाच्या तसा स्वीकारावा आणि त्याप्रमाणेच कार्यवाही व्हावी."

"अनुमोदन कोणाचं?"

अहवालाच्या प्रती सकाळीच सगळ्यांपुढे ठेवल्या होत्या, समीक्षानं तिची उचलली. तिनं ती अर्थातच आधी वाचली होती. तिनं प्रतीक्षाकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि हात वर केला. "माझं अनुमोदन."

समीक्षाचा हात वर गेलेला बघून बाहेर गौरवला हर्ष झाला. त्यानं शेजारच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"मंजूर?" कैलासराव म्हणाले.

"मंजूर, मंजूर!" सभा एका सुरात म्हणाली आणि उठली. मुख्याधिकारी मॅडमनी अहवाल फायलीत ठेवला. त्यांनीही तो वाचला होता. त्यांनी फायलीची नाडी दोनदा घट्ट बांधली.

*

वसाहत बांधणाऱ्याच्या माणसानं दुपारी चार वाजता ठरावाची प्रत काढली आणि सव्वाचारला गौरवला फोन केला. पाच वाजता गौरव ओटीवर होता. चंपालाही आबांनी निरोप धाडून बोलावलं होतं. ती उंबऱ्याशी बसली होती, हाताच्या भेगांत अजून खाचराचा चिखल होता.

"सदर गटात समितीच्या सर्व सदस्यांनी भाताची लावणी पूर्ण केली!" गौरव वाचताना ओरडत होता. "पीक उभे आहे! जमीन उत्तम भाताची असून ती शेती विभागातच कायम ठेवावी! आबा, तुम्हाला पाहणी करायला पाठवलं होतं का मजुरीला?"

"पाहनी केली म्हनूनच कळलं, जमीन बरी हाय."

"आणि तू!" तो प्रतीक्षाकडे वळला. "तू टाइप केलंस. तुला माहीत होतं."

"मी वाचून दाखवते म्हणाले होते. दोनदा विचारलं." प्रतीक्षाचा आवाज चढला नाही, पण ती चहा करायला आतही गेली नाही. "तुम्हीच खिडकीतून नको म्हणालात."

विक्कीला हसू आलं. गौरवनं बघितल्यावर त्यानं ते गिळलं. "दादा, मी आता पोलीस समितीचा अध्यक्ष आहे, मला यात ओढू नको. झोन राहिला तर राहिला. तसंही पुढं आणखी बंगले झाले तर माझंच गिऱ्हाईक तुटणार."

"तीन महिन्यांनी ठराव फिरवतो मी," गौरव म्हणाला.

"फिरवा," प्रतीक्षा म्हणाली. "सूचक मात्र दुसरा शोधा. प्रभाग नऊचा हात वर होणार नाही."

पण गौरवचं लक्ष दुसऱ्या पानाच्या तळाशी गेलं होतं. तो ते ओठ हलवत पुन्हा वाचू लागला. "कसणार व हिस्सेदार, चंपा सखाराम केदारी. हिस्सेदार? आबा, हे काय? सखाराम म्हणजे तुमचे वडील. आत्याला सासरचं नाव आहे की. आणि ती कुठली हिस्सेदार? सातबाऱ्यावर एकट्या तुमचं नाव आहे!"

"हाय. लावताना चूक झाली व्हती."

"तलाठ्याची?"

"माझी."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते बहिणीकडे बघत नव्हते, ओटीच्या फरशीकडे बघत होते.

"बा गेला तवा तलाठी फेरफार घालाय आलता. हितंच बसला व्हता. त्यानं इचारलं, वारस कोन कोन? मी म्हनलो, मी येकटाच. तो म्हनला, भैनी किती? मी म्हनलो, न्हाई. भैन न्हाई मला. हिला नुकतंच घरी आनलं व्हतं. मला वाटलं, खायला घालतोय, ऱ्हायला देतोय, कागुद कशाला पायजे. कोतवालानं परवा मालकाशी नातं इचारलं, तवा माझी जीभच उचलंना. चंपे, तुला ह्यातलं काय ठावं न्हाई. आज समद्यांम्होरं सांगतोय."

गौरवच्या हातातली पानं खाली आली. प्रतीक्षा चंपाच्या शेजारी जाऊन बसली. चंपा रडेल असं सगळ्यांना वाटलं, पण ती रडली नाही. तिनं पदरानं हात पुसले.

"ठावं न्हाई कसं, भाऊ?" ती म्हणाली. "त्या दिशी तलाठ्याला च्या मीच घिऊन आल्ते. तू न्हाई म्हनलास, तवा कपबशी माझ्याच हातात व्हती."